साडेतीन लिटरची साक्ष

गाडीचं ऑईल जातं कुठे, हा प्रश्न मला आजवर जितक्या लोकांनी विचारला, तितक्यांनी ‘बरे आहात ना’ असंही विचारलं नसेल. लग्नात विचारतात, तेराव्यालाही विचारतात. एकदा कर्नाळ्याच्या पायथ्याशी आम्ही सहकुटुंब मिसळ खात होतो, तर पलीकडच्या टेबलावरचे एक गृहस्थ हात धुऊन आले आणि थेट माझ्या शेजारी बसले. “साहेब, तुम्ही गॅरेजवाले ना? खाली एक थेंब पडत नाही, धूर निघत नाही, तरी दर महिन्याला ऑईल कमी. जातं कुठे?” माझी मिसळ थंड झाली.

उत्तर तसं सोपं आहे. ऑईलला जायला तीनच वाटा. एक, गळतं. म्हणजे कुठल्यातरी वॉशरमधून, सीलमधून पाझरतं. गाडी उभी असताना ते पडतंच असं नाही, चालत्या गाडीतून वाऱ्यावर उडूनही जातं. दोन, जळतं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या की ऑईल वर चढतं आणि डिझेलबरोबर जळून जातं. आमच्या भाषेत इंजिन ऑईल खायला लागतं. आणि तीन, ते मुळात घातलेलंच नसतं. ज्यानं बदललं त्यानं कमी ओतलं आणि डबा बाजूला सारला.

कॉलेजात मी पहिल्या दोन शिकलो, धंद्यात तिसरी. चौथी एक वाट आहे ती मला पळस्प्याच्या एका सातवी नापास माणसाकडून शिकावी लागली, आणि त्यासाठी आधी मी त्याचं नुकसान केलं. 

मी बी.ई. मेकॅनिकल. हे मी पहिल्याच पानावर सांगतो म्हणून माझी मुलगी हसते. पण आमच्या घरात माझ्या आधी कोणी दहावीच्या पलीकडे गेलं नव्हतं. वडील मिठागरावर राबले. माझ्या फीसाठी त्यांनी काय काय केलं ते इथे लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. जुन्या हायवेला मी गॅरेज टाकलं तेव्हा पाटी रंगवणाऱ्यानं विचारलं, “बी.ई. किती मोठं काढू?” वडील म्हणाले, “नावापेक्षा मोठा काड.” त्यानं तसंच काढलं. पाटी अजून तीच आहे. लोक गॅरेजला नावानं ओळखत नाहीत, ‘बी.ई.कडे जा’ म्हणतात.

मोठ्या अक्षरांचा एक परिणाम होतो. आपण बोललो की लोक गप्प ऐकतात. सुरुवातीला याचं अप्रूप वाटतं, मग सवय होते, मग आपल्यालाही वाटायला लागतं की आपण बोललो म्हणजे तसंच असणार.

हल्ली रस्त्याकडेला ‘दहा मिनिटांत ऑईल चेंज’वाली दुकानं झाली आहेत. पत्र्याची शेड, गाडी चढवायला रॅम्प, मागे डब्यांची रांग. त्यांच्याबद्दल माझं मत चांगलं नव्हतं. त्याला कारणही होतं. नवीन पनवेलच्या एका प्राध्यापक बाई अशाच एका दुकानातून ऑईल बदलून पुण्याला निघाल्या आणि खोपोलीच्या आधीच डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. त्या शहाण्या. तिथेच इंजिन बंद केलं आणि गाडी टोइंग करून माझ्याकडे आणली. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनच्या खालच्या तेलाच्या कुंडात, जेमतेम पेलाभर ऑईल. मी फिल्टर खोलला तर आत रबराच्या दोन रिंगा. जुन्या फिल्टरची रिंग इंजिनला चिकटून राहिली होती आणि त्या घाईवाल्यानं तिच्यावरच नवा फिल्टर आवळला होता. इंजिन तापलं, दाब वाढला आणि दोन रिंगांच्या फटीतून सगळं ऑईल बाहेर. मला हे शोधायला दोन मिनिटं लागली. बाईंनी ती गोष्ट कॉलेजभर सांगितली आणि मीही पुढची दोन वर्षं सांगत होतो. शेवटी माझं एक ठरलेलं वाक्य असायचं, “चहा निवायला दहा मिनिटं लागतात, इंजिनचं काम दहा मिनिटांत कसं होईल?” लोक हसायचे.

तर अशा तयारीत मी असताना इकबालभाई आले.

इकबालभाई पनवेलचेच, कोकणी मुसलमान. कुवेतला वीस वर्षं ड्रायव्हिंग केलं, परत आले आणि साठवलेल्या पैशातून डिझेलची सात सीटर घेतली. गणपतीत, शिमग्यात कोकणातली भाडी, एरवी एअरपोर्ट. घर त्या गाडीवर चालायचं. स्वभावानं शांत माणूस, पण त्या दिवशी नमस्कारही न करता त्यांनी आधी बॉनेट उघडलं.

“साहेब, परवा ऑईल चेंज केलं. आज पट्टी बघा.”

पट्टी म्हणजे डिपस्टिक. इंजिनमध्ये एक लांब सळई खोचलेली असते. ती काढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालायची आणि पुन्हा काढून बघायची. तिच्यावर दोन खुणा असतात. ऑईल त्या दोन खुणांच्या मध्ये असलं पाहिजे. इकबालभाईंच्या पट्टीवर ते खालच्या खुणेच्याही खाली होतं. लिटरभर कमी.

मी गाडी रॅम्पवर घेतली. खाली सगळं कोरडं खडखडीत. चेंबरचा नट घट्ट, फिल्टर घट्ट. धूर नाही. दोन दिवसांत लिटरभर ऑईल ना गळलं ना जळलं. म्हणजे तिसरी वाट.

“कुठे बदललंत?”

“पळस्प्याला. बाळारामकडे.”

बाळारामला मी ओळखत होतो. मूळचा जासईकडचा, आमच्याच आगरी समाजाचा, लांबच्या नात्यातलाही निघेल. जमीन सरकारी संपादनात गेली, आलेले पैसे भावाभावांत वाटले गेले, उरलेल्यातून त्यानं पळस्प्याच्या नाक्यापुढे शेड टाकली होती. मला भेटला की ‘काय इंजिनेर’ म्हणून हाक मारायचा. ते मला फारसं आवडायचं नाही.

“त्यानं ओतताना तुम्ही बघितलंत?”

“बघितलं ना. तो बरणीत मापतो. आणि साहेब, एक अजब बात. पट्टी त्यानंही बघितली. मला म्हणाला, पट्टी कमी दाखवते, पण माप बरोबर आहे, तू पट्टीचं मनावर घेऊ नको. तिथेच मला शक आला.”

मलाही आला. मी हसलोसुद्धा. पट्टीचं मनावर घेऊ नको! म्हणजे डॉक्टरनं थर्मामीटर फेकून द्यायचा. मी लिटरभर ऑईल भरलं, ते वरच्या खुणेला बरोबर आलं, आणि इकबालभाईंनी मागितलं म्हणून जॉबकार्डवर लिहून दिलं: ‘गळती नाही. धूर नाही. ऑईल चेंजच्या वेळी एक लिटर कमी भरल्याचे दिसते.’ खाली सही, सहीखाली बी.ई.

इकबालभाईंनी त्या कागदाचा फोटो ड्रायव्हर लोकांच्या ग्रुपवर टाकला. त्यांचा दोष नाही. त्यांना वाटलं आपण चार भावांना सावध करतोय.

आठवड्यानं बाळाराम माझ्या गॅरेजमध्ये आला. हातात पांढऱ्या प्लॅस्टिकची बरणी, मळकट, बाहेरून खिळ्यानं ओरखडलेल्या रेघा.

“इंजिनेर, ह्यो काय कागद काडलास तू?”

“जे दिसलं ते लिहिलं.”

“सव्वातीन लिटर जुना काडला, साडेतीन लिटर नवा घातला. गाडीच्या पुस्तकात साडेतीनच हाय. इकबालच्या डोल्यांसमोर मापला.”

“कशानं मापलास?”

“हिच्यानं.” त्यानं बरणी माझ्या टेबलावर, बिलांच्या वर ठेवली. खाली तेलाचं गोल वर्तुळ उमटलं.

माझ्याकडे तेव्हा दोन गिऱ्हाईकं बसली होती. त्यांच्यासमोर मी म्हणालो, “बाळाराम, माप कंपनीचं असतं. खिळ्यानं ओढलेलं नसतं.”

गिऱ्हाईकं हसली. बाळाराम हसला नाही. बरणी उचलली आणि जाता जाता दारातून म्हणाला, “मना वाटतं त्या पट्टीचाच काय तरी हाय. तू शिकलेला हायस, तू बघ.”

मी बघितलं नाही. टेबलावरचं तेलाचं वर्तुळ तेवढं पुसलं.

तीन आठवड्यांनी इकबालभाई परत. पट्टी पुन्हा खालच्या खुणेखाली. या वेळी ऑईल मी भरलेलं होतं, बाळारामनं नाही. मी पुन्हा सगळं तपासलं. हवा जाते तो पाइप काढला तर आतून तेलकट. मी मनात म्हटलं, रिंगा जायला लागल्या. लिटर भरलं, वरच्या खुणेला आणलं, “लक्ष ठेवा,” सांगितलं. पुन्हा तीन आठवडे, पुन्हा लिटर गायब. आता माझी खात्रीच पटली. इंजिन ऑईल खातंय. उतरवायचं, खोलायचं, रिंगा, बेअरिंगं, जे निघेल ते.

इकबालभाई बाकड्यावर बसून राहिले. सीझन तोंडावर आला होता. गाडी पंधरा-वीस दिवस उभी राहणार, वर खर्च. त्यांनी आरडाओरडा केला नाही. एकच बोलले.

“साहेब, एक विचारू? त्यानं भरलं तेव्हाही गेलं, तुम्ही भरलं तेव्हाही गेलं. मग चोर कोण?”

त्यांनी टोमणा मारला नव्हता. खरंच विचारलं होतं, म्हणून ते लागलं.

इंजिन उतरवायच्या आधी ऑईल काढतात. आमच्याकडे, आणि बहुतेक गॅरेजांत, नट खोलला की जुनं ऑईल पन्हाळीतून सरळ ड्रममध्ये जातं. ते कोणी मोजत नाही. काळं झालेलं, टाकायचं तेल, त्याचं माप कशाला? पण त्या सकाळी ते वाक्य डोक्यात होतं. मी सुधाकरला म्हटलं, “ड्रममध्ये सोडू नको. मापाचा कॅन लाव.”

सुधाकर माझा सगळ्यात जुना मेकॅनिक. त्यानं माझ्याकडे बघितलं, पण कॅन लावला.

ऑईल पडत राहिलं. पट्टीच्या हिशेबानं अडीच लिटर निघायला हवं होतं. अडीचची रेघ गेली. तीनची गेली. धार बारीक झाली, थेंब थेंब झाली, थांबली. साडेतीनला जरा कमी.

आम्ही दोघं कॅनकडे बघत उभे. पट्टी म्हणते ऑईल नाही, कॅन म्हणतो पुरतं आहे. दोघांतलं एक खोटं बोलतंय, आणि कॅन कंपनीचा होता, खिळ्याचा नव्हता.

मी पट्टी हातात घेतली. सव्वीस वर्षांत हजारो पट्ट्या पुसल्या असतील, पण पट्टीकडे बघायचं कशाला? आपण तिच्यावरच्या तेलाकडे बघतो. स्पेअरच्या दुकानात फोन लावून त्या मॉडेलची नवी मागवली आणि दोन्ही शेजारी धरल्या. आमची एका पेरानं आखूड.

सुधाकरनं डोक्याला हात लावला. “साहेब, दिवाळीच्या आधी ब्रेकच्या कामाला आलेली ना ही? तेव्हा हिच्या पट्टीची मूठ तुटली. आपण ती खोक्यातली लावली.”

खोकं म्हणजे प्रत्येक गॅरेजमध्ये असतं ते. भंगारात गेलेल्या गाड्यांच्या पट्ट्या, झाकणं, क्लिपा. कधी कामाला येतील म्हणून ठेवलेल्या. मला सगळं लख्ख आठवलं. सुधाकरनं विचारलं होतं, “साहेब, दुसऱ्या मॉडेलची आहे, चालेल?” मी फोनवर बोलत होतो. कानावरचा फोन न काढता म्हणालो होतो, “बसतेय ना? मग लाव.”

आता ती चौथी वाट सांगतो. पट्टी आखूड, म्हणजे तिच्या खुणा असायला हव्यात त्याच्या वर. इंजिनमध्ये पुरतं ऑईल असलं तरी ती कमीच दाखवणार. बाळारामनं बरोबर साडेतीन घातलं, पट्टीनं कमी दाखवलं. मी तिच्यावर विश्वास ठेवून लिटर जास्त ओतलं. ऑईल गरजेपेक्षा जास्त झालं की खाली फिरणारा क्रँकचा दांडा त्यात बुडतो, अंडं फेटावं तसं फेटतो, त्याचा फेस होतो, आणि तो फेस हवेच्या पाइपातून वर ओढला जाऊन जळतो. इंजिन ऑईल खात नव्हतं, जास्तीचं ओकत होतं. साडेतीनवर आलं की थांबायचं. मग मी पुन्हा लिटर भरायचो.

कोणी चोर नव्हतं. इंजिन चांगलं होतं. बाळारामचं माप चांगलं होतं. खोटी होती ती फक्त माझ्या गॅरेजची पट्टी आणि तिच्यावर विसंबून मी केलेली सही.

नवी पट्टी बसवली, साडेतीन लिटर भरलं, ते वरच्या खुणेला जाऊन टेकलं. इकबालभाईंना फोन केला. इंजिन उतरवायचं नाही म्हटल्यावर ते फोनवरच ‘या अल्लाह, तेरा शुकर’ म्हणाले. मी त्यांना तेव्हा एवढंच सांगितलं की पट्टी चुकीची होती. कोणी बसवली ते सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही.

सुधाकर म्हणाला, “मिटलं ना साहेब. आता कशाला उगाळायचं?”

मी चार दिवस गप्प राहिलो. हे लिहायला जड जातं, पण चार दिवस. स्वतःला सांगत होतो, सीझन आहे, काम आहे, रविवारी जाऊ. खरं कारण पाटीवर होतं. नावापेक्षा मोठ्या अक्षरांत.

पाचव्या दिवशी पळस्प्याला गेलो. पूर्वी तिथे सकाळी गाड्यांची रांग लागायची. त्या दिवशी रॅम्प मोकळा होता. बाळाराम बरणी धुवत बसला होता.

“ये इंजिनेर. कनचा कागद आनलास आज?”

मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. पट्टी, खोकं, ‘बसतेय ना, मग लाव’, सगळं. तो बरणी फडक्यानं पुसत ऐकत होता. माझं झाल्यावर म्हणाला, “बस.”

मी बसलो.

“मना लिवता येत नाय धड. बिल फाडता येत नाय. मी बोललो साडेतीन घातला, तर कोन इस्वास ठेवील? म्हून ही बरनी. काडलेला मापून दाखवतो, घातलेला मापून दाखवतो. तुना मापायची गरज नाय लागली कदी. तुजी पाटी हाय.”

मी म्हणालो, “चुकलो मी, बाळारामदादा.” दादा मी त्याला पहिल्यांदाच म्हटलं. तो माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी मोठा आहे, हे मला आधीही माहीत होतं.

“मना सांगून काय फायदा? मना तर ठावंच व्हतं.”

त्यानं नुकसानभरपाई मागितली नाही, शिवी दिली नाही. ‘मना तर ठावंच व्हतं’, एवढंच.

मी दुसऱ्या कागदावर सगळं लिहिलं, माझ्या गॅरेजची चूक असं स्पष्ट लिहिलं, सही केली, आणि इकबालभाईंकडे नेऊन दिला. त्यांनी तो दोनदा वाचला. “म्हणजे मी त्या बिचाऱ्याला फुकट बदनाम केला,” म्हणाले. मी म्हटलं, “तुम्ही नाही, मी.” “फोटो तर मी टाकला ना साहेब,” म्हणाले, आणि तोही कागद ग्रुपवर टाकला. पण तुम्हाला सांगतो, पहिला कागद सगळ्यांनी वाचला होता. दुसरा कोणी वाचला, कोणी नाही. काही ड्रायव्हर परत आले, काही आजही त्याच्या शेडवरून गाडी पुढे काढतात. चार ओळींनी केलेलं नुकसान चार ओळींनी भरून येत नाही.

लोक मला विचारतात, घाईच्या दुकानात ऑईल बदलावं का? मी आता ते चहाचं वाक्य बोलत नाही. दुकान घाईचं आहे का सावकाशीचं ते बघू नका, असं सांगतो. गाडीच्या पुस्तकात किती लिटर लिहिलंय ते बघा, काढलेलं किती आणि घातलेलं किती ते समोर मापायला लावा, आणि जो मापायला कंटाळेल त्याच्याकडून उठा, त्याच्या पाटीवर काहीही लिहिलेलं असो. माझ्या गॅरेजमधलं ते खोकं मी भंगारात दिलं. जुनं ऑईल आता ड्रममध्ये जायच्या आधी कॅनमध्ये मापलं जातं. सुधाकर कुरकुरतो, पण मापतो.

आणि माझ्या स्वतःच्या गाडीचं ऑईल मी बाळारामकडे बदलतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा सकाळची वेळ होती, समोरच्या टपरीवर पाच-सहा ड्रायव्हर चहा पीत उभे होते. त्यांच्यात इकबालभाईही होते. बी.ई.ची गाडी बाळारामच्या रॅम्पवर चढलेली बघून सगळे इकडे बघायला लागले. बाळारामनं नट खोलला, जुनं ऑईल बरणीत घेतलं, मग बरणी रिकामी करून पुसली, तिच्यात नवं ओतलं, आणि खिळ्याची रेघ माझ्या डोळ्यांसमोर आणली.

“किती?”

“साडेतीन,” मी म्हणालो.

“तोंडातल्या तोंडात काय बोलतोस? तितं टपरीवर आयकू जाव दे.”

मी टपरीकडे तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणालो.